दिव्याचं गाणं आणि भोंगा

कुंभवली,
१४ जानेवारी २०२५

विश्रामा, लेका,

दीपाच्या हाती तिळगूळ पाठवलाय. तो आधी खा आणि मग पुढचं वाच, कारण पुढं गोड काही नाही.

माझा उजवा कान गेला हे तुला ठाऊकच आहे. आता डावाही निघालाय. तू फोनवर बोलतोस ते मला डब्यात खडे हलवल्यासारखं येतं. मग मी फोन रत्नाच्या हातात देतो, आणि माझी बायको आणि माझा दोस्त माझ्याबद्दल काय बोलायलेत ते मला कळत नाही. म्हणून हे पत्र. तुझी सून रोज मासवणहून कंपनीच्या बसने आमच्या नाक्यावर उतरते, पोस्टापेक्षा ती बरी. मोबाइलवर लिही म्हणशील, तर माझ्या अंगठ्याखाली एका वेळी चार अक्षरं दाबली जातात.

तारेच्या मिलमधे दोघांनी सारखीच उमर घालवली, सारखाच कापूस कानात कोंबला. तुझे कान शाबूत आणि माझे गेले, हा कुठला न्याय? डॉक्टर म्हणाला, काका, शिरच वाळत चाललीय, मशीन लावून उपयोग नाही. जे ऐकायचं ते आता ऐकून घ्या. मी म्हटलं, मला एकच ऐकायचंय.

आणि नेमकी तीच कॅसेट प्लेअरनं खाल्ली! आपली ती अमेरिकन गाणारी, मॅटी लू क्रेन. तुझ्या मामाच्या रेकॉर्डवरून मी उतरवून घेतलेलं ते दिव्याचं गाणं. फीत सगळी बाहेर आली. पेन्सिल घालून फिरवत बसलो तर मधेच तुटली. मी म्हातारा माणूस, विश्राम, पण मला रडू आलं. रत्ना बघत होती.

तुझी रेकॉर्ड तर पत्र्याखाली उन्हानं वाकडी होऊन गेली. आता ही कॅसेटच उरली. ती कशी सुरू करते आठवतं? आधी नुसता ऑर्गन. मग बाई गात नाहीच, दारात उभं राहून कुणाशी बोलावं तसे दोन शब्द टाकते. ताल पुढं जातो, ही मागं राहते. आपल्याला वाटतं, गेली बया, चुकली. आणि ती सावकाश येऊन बरोबर जागेवर बसते. असं गाणारी मी दुसरी ऐकली नाही. मधे, उतरवताना शिरलेला, आपल्या मिलचा तो मेला भोंगा आहे, त्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, तू साक्षी आहेस.

कॅसेट तिळगुळाबरोबरच दिलीय, पालघरला कुणी दुरुस्त करणारा असेल तर बघ. लवकर बघ.

तुझा,
नागोराव


मासवण,
२० जानेवारी

नागोबा,

तिळगूळ पोचला. गोड बोला म्हणतोस नि असलं लिवतोस. वाचून माझं डोकं सुन्न झालं. दीपाला तुझं पत्र मोठ्यानं वाचाया लावलं.

तुझा कान गेला, माझे गुडघे गेले. तरी काल रिक्षात बसून पालघरला जाऊन आलो, परत येताना आई आठवली. स्टेशनाजवळ हितेश म्हणून पोरगा हाय. लोकांच्या लग्नातल्या जुन्या कॅसेटी, फिती, सगळं कम्प्युटरवर उतरवून देतो. त्यानं तुझी कॅसेट उघडून बघितली, वास घेतला नि तोंड वाकडं केलं. बुरशी हाय म्हणाला. पण करतो म्हणाला. मी त्याला एक खास काम सांगून आलोय. काय ते आता सांगत नाय. वस्तू हातात येईल तेवा कळेल.

मामाची लय आठवण झाली रे. तारापूरला वीज केंद्र उभं राहत होतं तेवा तो अमेरिकन साहेबांच्या वसाहतीत आचारी होता. साहेबाला सुकटीचं कालवण खायला घालायचा नि साहेब नाक पुसत पुसत खायचा. जाताना मॅडमनं प्लेअर नि ती एक तबकडी मामाला दिली. मामानं विचारलं, बाई काय म्हणते यात? मॅडम म्हणाली, ती म्हणते, मी परत यीन का नाय ते ठाऊक नाय, पण दारातला दिवा विझवू नको. मामा रोज संध्याकाळी दारात दिवा लावून मग रेकॉर्ड लावायचा. मामी म्हणायची, मेला देवाला नाय लावत, त्या काळ्या बाईला लावतो.

आमच्या घरी सगळे नाचायची गाणी मागायचे. ते गाणं समजून ऐकणारा तू एकटाच. मिलमधी मोटर बिघडली की तू पेचकसाची मूठ दातात धरून, टोक मोटरला टेकवून सांगायचास, कुठली बेअरिंग गेली ते. तसंच तू हे गाणं ऐकायचास. मी समोर बसायचो नि तुझ्या तोंडाकडं बघून मना कळायचं, आता कुठं काय होतंय. बाई रडत नाय. आतून रडू आलंय नि तरी पाव्हण्याला चहा कराया उठावं लागतं ना, तशी गाते.

धीर धर. वयनींना नमस्कार सांग.

विश्राम


कुंभवली,
३ फेब्रुवारी

विश्राम,

खास काम कसलं सांगितलंस? काही काम सांगू नकोस. आहे तसं उतरव म्हणावं. खरखर असू दे, बुरशी असू दे, काय असेल ते असू दे. त्याला आजच्या आज फोन कर.

काल प्रेशर कुकरची शिटी झाली ती मला ऐकू आली नाही. रत्ना धावत आली तेव्हा वरण करपलं होतं. ती ओरडली असणार. ओठ हलत होते नुसते.

लवकर कर गड्या. हात जोडतो.

नागोराव


मासवण,
१८ फेब्रुवारी

नागोबा,

दीपाच्या हाती गाण्याचा डबा देतोय. लाल बटण दाबलं की चालू, मागं पेन ड्राइव्ह हाय तो काढू नको. आवाजाचं चाक उजवीकडं फिरव.

तुझं पत्र आलं तेवा हितेशचं काम होऊन गेलं होतं. आहे तसं उतरव म्हणतोस ते मना त्रास नको म्हणून, हे काय मना कळत नाय? दोस्तासाठी एवढं पण करू नको? गप बस.

कॅसेटचं म्हणशील तर ती संपली. उतरवता उतरवता फितीचे तुकडे पडले. हितेशनं विचारलं, काका, हे परत नेता? मी म्हटलं टाक, तिचं काय आता लोणचं घालायचंय?

पण काम काय केलंय पोरानं! काल रात्री जेवून मी सुनेच्या मोबाइलवर ऐकलं. बाई माझ्या ओटीवर येऊन बसली होती रे! शेवटी, जिथं दुसरी कोणी असती तर वरडली असती, तिथं ती आवाज खाली खाली नेते, श्वास घेते, तो श्वास सुद्धा ऐकू येतो. एवढी वर्षं तो श्वास आपण ऐकलाच नव्हता. मी दोनदा ऐकलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लाज कसली.

त्यात एक गंमत केलीय. वळखून दाखव. ऐकलंस की लगेच लिव.

विश्राम


कुंभवली,
१६ मार्च

विश्राम,

महिनाभर लिहिलं नाही, रागावू नको. डबा आला तेव्हा मी तापानं फणफणलो होतो. ताप उतरला आणि डावा कानही सोबत घेऊन गेला. उठल्यावर मी लाल बटण दाबलं. दिवा लागला. चाक पूर्ण फिरवलं. शेजारची हेतल दार वाजवायला आली म्हणे, आवाज कमी करा सांगायला. मला काही नाही. भिंत नुसती.

तुझी गंमत मला ओळखता येणार नाही. आता मी तुला सांगतो ते ऐक. हे मी कुणाशी बोललेलो नाही, रत्नाशीसुद्धा नाही.

ती कॅसेट उतरवली त्या दिवशी माझी सुट्टी होती आणि तू पहिल्या पाळीला होतास. तुझा प्लेअर मी बाजेवर ठेवला, समोर टेपरेकॉर्डर ठेवला, आणि उन्नतीला बजावलं की गाणं संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसरीत होती ती. तोंडावर हात दाबून बसली बिचारी. गाणं रंगात आलं आणि पाळी सुटायचा भोंगा वाजला. तिला राहवलं नाही. भोंग्याबरोबर तीही "भोंऽऽऽ" करून ओरडली, आणि हसली, आणि म्हणाली, "बाबा, विश्रामकाका सुटले! ताडगोळे!"

उन्हाळ्यात तू सुटलास की तिला ताडगोळे आणायचास ना. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तोही त्यात ऐकू येतो. त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि ती गेली, ते तू सगळं बघितलंस, तूच खांदा दिलास.

आमच्याकडं तिचा एक शाळेतला फोटो आहे, तोंड मिटलेला. आवाज म्हणशील तर त्या कॅसेटवर तेवढाच. तू घरी आलास की मी त्या जागी चाक फिरवून आवाज बारीक करायचो आणि भोंग्याला शिव्या द्यायचो. तुझ्यासमोर मला कोसळायचं नव्हतं. एकटा असलो की टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवून ऐकायचो. भोंगा आला की डबा हाताखाली थरथरून भरून यायचा आणि त्यातून ती यायची. मी त्या बाईचा भक्त आहेच, खोटं नाही. पण तिच्या घरात माझी पोरगी राहत होती.

रत्ना कॅसेट लागली की उठून नळावर जायची. कधीच बसली नाही. मला वाटायचं तिला गाणं आवडत नाही.

आता तुझे कान माझे. तुझ्याकडं मोबाइलवर आहे म्हणालास ना? दुसरं कडवं झाल्यावर ऐक आणि मला एवढंच लिही, की ती आहे. ती तिथं आहे एवढं कळलं तर मी बहिरा बरा आहे.

नागोराव


मासवण,
५ एप्रिल

नागोराव,

उत्तराला उशीर झाला. गुडघा सुजला होता.

हाय. ती तिथंच हाय. भोंगा वाजतो, ती त्याच्यासंगं वरडते, मग हसते. माझं नाव घेते. ताडगोळे म्हणते.

तू काळजी करू नको.

विश्राम


कुंभवली,
११ एप्रिल

अरे माझ्या विश्रामा,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. एवढंसं लिहिलंस, पण मला किती पुरलं म्हणून सांगू! नाव घेते ना तुझं? कसं ऐकू येतं, "विश्रामकाका" की "विशामकाका"? तिला र जमायचा नाही. पुढच्या पत्रात लिही.

तुझं पत्र रत्नानंही वाचलं. मी झोपलो होतो तेव्हा काढून वाचलं तिनं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि सावकाश, मला ओठ कळतील असं म्हणाली, "मला ठाऊक होतं. पहिल्यांदा लावलीत तेव्हाच ऐकलं होतं मी तिला. परत ऐकायची छाती झाली नाही." विश्राम, म्हणजे ती नळावर का जायची! एवढी वर्षं आम्ही दोघं एका खोलीत राहिलो आणि एकमेकांना चोरून एकाच पोरीसाठी रडलो.

ती म्हणाली, तुमचे कान गेले, आता मी ऐकते. येत्या नाहीतर पुढच्या रविवारी बसू म्हणते. मन घट्ट करायला तिला थोडे दिवस हवेत. मी तर तिथंच पेचकस घेऊन बसणार. ऐकू नाही आलं तरी दाताला भोंगा लागेल ना! फिटर आहे शेवटी.

ताडगोळे निघाले का तुमच्याकडं?

नागोराव


मासवण,
१७ एप्रिल

नागू,

वयनींना ऐकवू नको. पाया पडतो, डबा लावू नको.

मी खोटं लिवलं. ती नाय त्यात. मी हितेशला सांगितलेलं खास काम हेच होतं. त्याला म्हटलं, आमचा दोस्त जन्मभर त्या भोंग्याच्या नावानं बोटं मोडतोय, कान जायच्या आधी त्याला एकदा भोंग्याशिवाय बाईचं गाणं ऐकव. त्यानं विचारलं, काका, मधे आणखी पण काय काय आवाज हाय, कोणतरी बोलतंय. मी म्हटलं, असेल शेजारपाजारचं, सगळं काढ, बाई तेवढी ठेव. माझ्या तोंडानं म्हटलं रे. गंमत गंमत म्हणून तुला लिवलं ती हीच गंमत.

तुझं मार्चातलं पत्र आलं नि मी दुसऱ्या दिवशी पालघरला गेलो. हितेशनं मूळचं पुसून टाकलं होतं, काम झालं की जागा रिकामी करतो म्हणाला. फितीचे तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले. मी तिथं कचरा टाकतात तिथवर गेलो. काठीनं उकरत बसलो. कुत्री अंगावर आली. लोकांनी मना हाकललं, वेडा समजले. काय सापडणार होतं?

ती माझं नाव घेत होती नि मीच तिला पुसली. माझ्यासाठी आनंदानं वरडलेली पोर. मना झोप येत नाय, नागू. तू काय बोलशील ते बोल, पण वयनींना त्या डब्यासमोर बसवू नको.

दीपा माहेरी हळदीला गेलीय, लग्न उरकून येणार. ती आली की पहिलं हे पत्र धाडतो. पोस्टात टाकलं असतं, पण तिथवर चालवत नाय, नि फोन केला तर तो वयनींच्याच हाती जातो.

विश्राम


कुंभवली,
२९ एप्रिल

विश्राम,

तुझं पत्र काल पोचलं. रविवार आठवड्यापूर्वीच होऊन गेला होता.

रत्ना अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून बसली, पूजेला बसतात तशी. फोटो काढून पुसला आणि डब्याच्या बाजूला ठेवला. मी पेचकसाची मूठ दातात धरली, टोक डब्याला टेकवलं. लाल बटण तिनंच दाबलं. ऑर्गन मला लागला. ढोल लागला. बाई ताल सोडून मागं राहते तेही कळलं, शप्पथ, दाताला कळलं. दुसरं कडवं झालं. मी डोळे मिटले. आता डबा भरून येणार.

आला नाही. नुसता ढोल, एकेक, एकेक, शेवटपर्यंत. तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं, विश्राम. भोंगा नाही म्हणजे तीही नाही.

डोळे उघडले तेव्हा रत्ना डब्याकडं बघत होती. त्या एका ऐकण्यासाठी तिनं सगळी उमर धीर गोळा केला होता, आणि तिथं कुणी नव्हतं. तिचं तोंड मी बघितलं. ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. मग तिनं माझ्याकडं मान वळवली, हसली, आणि मला कळेल असं सावकाश म्हणाली, "आहे. आहे हो."

मी काय करणार? मीही मान हलवली.

राग आला का विचारशील. आला. पेचकस भिंतीवर फेकला मी, ती नळावर गेल्यावर. तुला फाडून खावं वाटलं. पण शिव्या मीच दिल्या होत्या ना भोंग्याला? मी एकदा तुझ्यासमोर कोसळलो असतो, तर तुला कळलं असतं. तुला माफ केलं म्हणून लिहिणार होतो, पण ते अजून खरं नाही. खोटं पुरे झालं आपल्यात.

पत्राबरोबर ताडगोळे पाठवलेस. कुणासाठी रे पाठवलेस? रत्नानं ते सोलून वाटीत ठेवलेत. कुणी खाल्ले नाहीत.

तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही, आणि दीपालाही गप्प राहायला सांग. कारण रत्ना आता रोज संध्याकाळी डबा लावते. जन्मभर उठून जाणारी बाई माझ्याजवळ येऊन बसते. माझा एक तळहात डब्यावर असतो, दुसरा हात ती हातात घेते, आणि गाण्यात मधेच दाबते, मला कळावं म्हणून, की आता उन्नती बोलली. जागा तिला ठाऊक नाही. एकदाच ऐकलेलं, त्यालाही किती वर्षं झाली. रोज वेगळ्याच ठिकाणी दाबते. काल तर बाईनं गायला सुरुवातही केली नव्हती.

मी दर वेळी मान हलवतो. तू आलास की तूही हलव.

नागोराव